लाल बटणाजवळचा माणूस

कारखान्यातला फायर पंप स्वतःहून सुरू होतो, पण स्वतःहून बंद होत नाही. वाळूज औद्योगिक वसाहतीत नव्याने कामाला लागलेल्या इलेक्ट्रिशियनला ही गोष्ट बहुधा रात्रपाळीतच कळते. कुठल्यातरी कोपऱ्यात होज रीलचा कॉक नीट बसलेला नसतो, लाइनमधला दाब हळूहळू उतरतो, पंपहाऊसमधून अचानक मोठा आवाज यायला लागतो आणि सुरक्षारक्षक धापा टाकत येऊन सांगतो, ‘साहेब, पंप चालू झालाय आणि बंदच होत नाहीये.’ ऐकणाऱ्याला तो बिघाड वाटतो. खरे तर पंप त्याला नेमून दिलेलेच काम करत असतो.

घरच्या गच्चीवरची टाकी भरली की मोटर आपोआप बंद होते आणि ती तशीच व्हावी, याची आपल्याला सवय झाली आहे. म्हणून लाखो रुपयांच्या पंपाला एवढीही अक्कल नसावी, असे वाटणे साहजिक आहे. पण आगीच्या पंपाला ही अक्कल मुद्दाम दिलेली नाही. त्यामागचे कारण समजून घ्यायचे, तर पंपहाऊसमध्ये डोकवावे लागते.

मध्यम आकाराच्या कारखान्याच्या पंपहाऊसमध्ये साधारणपणे तीन पंप असतात. सगळ्यात छोटा तो जॉकी. जमिनीखालून आणि शेडच्या कडेने फिरणाऱ्या हायड्रंट लाइनमध्ये चोवीस तास दाब टिकवून ठेवणे, एवढेच त्याचे काम. कुठे थेंब थेंब गळती झाली, उन्हाने पाइप तापून रात्री गार झाला, की दाब थोडा घसरतो. जॉकी सुरू होतो, दाब भरतो आणि थांबतो. त्याचे सुरू होणे आणि थांबणे दोन्ही आपोआप. दुसरा विजेवरचा मुख्य पंप आणि तिसरा डिझेलवरचा. आग लागली की पहिली गोष्ट वीज जाते, किंवा ती मुद्दाम तोडावी लागते, म्हणून हा तिसरा गडी.

या तिघांना कामाला लावतात ते प्रेशर स्विच. समजा लाइन 7 किलोवर ठेवली आहे. किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तेवढा भार, पण पंपहाऊसमध्ये एवढे लांबलचक कुणी बोलत नाही. दाब साडेसहाला आला की जॉकी उठतो. कुणी हायड्रंट उघडला तर जॉकीला तो खड्डा भरून काढता येत नाही, दाब आणखी उतरतो आणि साडेपाचच्या आसपास मुख्य पंप सुरू होतो. वीज नसेल किंवा मुख्य पंप कमी पडला, तर साडेचारला डिझेल. आकडे कारखान्यागणिक बदलतात, उतरंड हीच.

इथपर्यंत सगळे स्वयंचलित. प्रश्न येतो तो पुढे. दाब परत 7 किलोवर गेला, तर पंपाने थांबावे की नाही?

दाब वर जाणे म्हणजे आग विझणे नव्हे, हे या सगळ्या वादाचे मूळ आहे. होज धरलेले चार जण असतात. त्यातला एक जागा बदलायला नोझल बंद करतो, दुसऱ्याच्या होजला पीळ पडतो. पाण्याची मागणी घटते आणि दाब लगेच चढतो. पंप स्वतःच थांबणारा असता, तर तो त्याच क्षणी थांबला असता. मग नोझल पुन्हा उघडले, दाब कोसळला, पंप पुन्हा सुरू. असे दर अर्ध्या मिनिटाला चालले तर दोन गोष्टी होतात. धुरात उभ्या असलेल्या माणसाच्या हातातली धार मधूनमधून मरते. आणि मोटर जळते. मोठी मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या सहापट करंट ओढते. एकामागून एक अशा उड्या तिच्या वायंडिंगला सोसत नाहीत. शिवाय पाण्याचा लोंढा थांबणे आणि सुटणे यातून पाइपात जे हातोडे बसतात, त्यांनी जुना जोड निखळू शकतो. डिझेल इंजिनाचे आणखी वेगळे. एकदा सुरू झालेले इंजिन दुसऱ्या वेळी पहिल्याच प्रयत्नात पेटेल याची खात्री कोण देणार?

अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचे 20 क्रमांकाचे मानक जगभरचे पंपवाले प्रमाण मानतात. त्यात म्हटले आहे की स्प्रिंकलर किंवा हायड्रंट व्यवस्थेला पाणी देणारा तो एकमेव पंप असेल, तर तो हातानेच बंद झाला पाहिजे. इतर ठिकाणी आपोआप थांबवायची सोय ठेवता येते, पण अटींवर. पंप सुरू होण्याची सगळी कारणे संपलेली असली पाहिजेत आणि विजेचा पंप किमान 10 मिनिटे, डिझेलचा किमान 30 मिनिटे चाललेला असला पाहिजे. भारतात हीच शिस्त विमा कंपन्यांच्या वाटेने आली. टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटीच्या नियमांप्रमाणे हायड्रंट बसवले तर विम्याच्या हप्त्यात सूट मिळे. आगविम्याचे दर 1 जानेवारी 2007 पासून खुले झाले आणि कमिटीचा धाक संपला, पण तिच्या पुस्तकातली मापे आजही वाळूजच्या पंपहाऊसमध्ये सापडतात. पंपाच्या पाटीवर 2280, 2850 किंवा 4550 लिटर प्रति मिनिट असे अर्धवट वाटणारे आकडे दिसले, तर ते तिथले.

मानकात एक नियम वाचणाऱ्याला थबकवतो. इंजिनाचे तेल कमी झाले, पाणी तापले तर साधा जनरेटर स्वतःला वाचवायला बंद पडतो. फायर पंपाच्या इंजिनाने तसे करायचे नाही. त्याने फक्त घंटा वाजवायची आणि चालत राहायचे. त्याला आपोआप थांबवणारी बिघाडाची जवळजवळ एकच अवस्था मान्य आहे, ती म्हणजे वेग मर्यादेबाहेर जाणे. कारण मग ते फुटून शेजारच्यांचाही जीव घेईल. विजेच्या मोटरलाही नेहमीचा ओव्हरलोड रिले लावायचा नाही. रोटर अडकून बसला तरच ब्रेकरने तोडायचे. इंजिन गेले तर दुसरे आणता येते, हा त्यामागचा रोखठोक हिशेब. स्थानिक फॅब्रिकेटरकडून स्वस्तात पॅनेल बांधून घेताना हा हिशेब अनेकदा हरवतो. पॅनेल बांधणारा चांगल्या मनाने जनरेटरच्या सगळ्या ट्रिप त्यात घालून देतो आणि यंत्र सुरक्षित झाले म्हणून मालक खूश होतो.

मग हाताने बंद करण्यात तोटा काहीच नाही? भरपूर आहे. 2850 लिटरचा पंप पूर्ण प्रवाहाने तासभर चालला, तर 1,71,000 लिटर पाणी जाते. दहा हजार लिटरचे सतरा टँकर झाले हे. रात्री दोन वाजता जमिनीखालचा गंजलेला पाइप फुटला, तर पंपाच्या दृष्टीने ती आगच. तो प्रामाणिकपणे सुरू होतो आणि दोन लाख लिटरची टाकी सत्तर मिनिटांत रिकामी करून ठेवतो. त्यानंतर खरी आग लागली तर?

मराठवाड्यात ही चिंता कागदी नाही. वाळूजच्या उद्योगांचे पाणी जायकवाडीच्या जलाशयातून येते. 2016 च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एप्रिल महिन्यात मद्य उद्योगांच्या पाण्यात निम्म्याने कपात करायला लावली होती आणि इतर कारखान्यांनाही कात्री लागली होती. अशा उन्हाळ्यात आगीची टाकी म्हणजे आवारातला सगळ्यात मोठा न वापरलेला साठा असतो. त्यावर डोळा जातो. बाग, कूलिंग टॉवर, कधी कँटीन. नियमाप्रमाणे हे पाणी वेगळे राखलेले असायला हवे, म्हणून जाणते रचनाकार एकच टाकी असली, तर रोजच्या वापराचा पाइप उंचावर काढतात, म्हणजे तळचे पाणी कुणालाच उपसता येत नाही.

दुसरा तोटा उष्णतेचा. सगळे हायड्रंट बंद आणि पंप मात्र चालू, या अवस्थेला पंपवाले ‘चर्न’ म्हणतात. पाणी पुढे जात नाही, पंख्याबरोबर आतल्या आत घुसळत राहते. मोटरची सगळी ताकद उष्णता होऊन त्या थोड्याशा पाण्यात उतरते आणि काही मिनिटांत पंपाचे आवरण हात लावता येणार नाही इतके तापते. आधी ग्लँड किंवा सील जाते, मग बेअरिंग. त्यावर उपाय साधा आहे. केसिंगवर एक छोटा रिलीफ व्हॉल्व्ह असतो, तो बारीक धार सतत बाहेर सोडतो आणि तेवढ्याने पंप गार राहतो. ती धार पाहून पाणी वाया जाते म्हणून व्हॉल्व्ह आवळणारे महाभागही असतात. डिझेल पंपाचे बरेचदा बरे असते, कारण इंजिन गार करायला पंपाचेच पाणी घेतलेले असते आणि ते वाहत राहते.

या दोन्ही तोट्यांमुळे आपोआप बंद होणारा पंप हवा, असे म्हणणारे जाणकारही आहेत. त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नाही. जिथे रात्री माणूसच नसतो, अशा गोदामात किंवा दूरच्या पंपिंग स्टेशनवर बंद करायला जाणार कोण? पण वाळूजसारख्या वसाहतीत, जिथे शेडमध्ये पुठ्ठा, फोम, रबर, प्लॅस्टिकचे दाणे आणि रंग शेजारी शेजारी ठेवलेले असतात, तिथे पारडे हाताने बंद करण्याकडेच झुकते. याचे कारण आगीच्या स्वभावात आहे. मराठवाड्यातल्या जिनिंगवाल्यांना ते कुणी शिकवायला नको. कापसाच्या गाठीची आग वरून विझलेली दिसते, काळा थर गार लागतो आणि आत खोलवर ती धुमसत राहते. गाठ फोडून, पसरून, भिजवून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. पॉलिएस्टर फिल्मचे रोल तसेच. इगतपुरीजवळच्या मुंढेगावात 1 जानेवारी 2023 रोजी फिल्म बनवणाऱ्या कारखान्याला लागलेल्या आगीशी अग्निशमन दलाला दीर्घकाळ झुंजावे लागले. अशा जागी ‘दाब भरला, आता थांबतो’ असे म्हणणारे यंत्र काय कामाचे? स्प्रिंकलरचा व्हॉल्व्ह बंद करतानाही अग्निशमन दले हाच नियम पाळतात: आग संपल्याची खात्री झाल्यावरच बंद करायचा, आणि तरीही एक माणूस रेडिओ घेऊन व्हॉल्व्हपाशी उभा ठेवायचा, म्हणजे हाक आली की लगेच उघडता येईल.

मात्र हाताने बंद करण्याचा नियम एक वाईट सवयही जन्माला घालतो आणि खरा धोका तिच्यात आहे. रात्री दोन-तीनदा विनाकारण पंप सुरू झाला, प्रत्येक वेळी कुणालातरी उठून लाल बटण दाबायला पळावे लागले, की चौथ्या दिवशी पॅनेलवरचा सिलेक्टर ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर येतो. कुणी ठरवून घातपात करत नाही. गळका कॉक शोधण्यापेक्षा स्विच फिरवणे सोपे असते. आता पंप विनाकारण बंद होत नाही हे खरे, कारण तो सुरूच होत नाही.

या एका स्विचची किंमत उत्तर समुद्राने चुकवली आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या पायपर अल्फा या तेल-वायू फलाटावर 6 जुलै 1988 च्या रात्री स्फोट झाला. तिथे डिझेलचे फायर पंप होते आणि ते आपोआप सुरू होऊ शकत होते. पण समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपाच्या तोंडाशी पाणबुडे खेचले जाऊ नयेत म्हणून, पाणबुडे पाण्यात असले की पंप मॅन्युअलवर ठेवायचे, अशी तिथली रीत होती. त्या रात्रीही ते तसेच होते. स्फोटानंतर पंपांपर्यंत जाऊन ते सुरू करणे कुणाला जमले नाही. 167 माणसे गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीत पुढे आले की पाणबुडे पंपांच्या तोंडाजवळ काम करत नसतील तेव्हा पंप ऑटोवरच ठेवावेत, ही शिफारस काही वर्षांपूर्वीच्या तपासणीत झालेली होती. शेजारच्या क्लेमोर फलाटावर या शिफारशीसारखीच पद्धत होती. धोका खरा होता, काळजी रास्त होती. फक्त ती गरजेपेक्षा जास्त ताणली गेली.

उलट टोकाचे उदाहरण इंग्लंडमधल्या बन्सफिल्डचे. 11 डिसेंबर 2005 च्या पहाटे तिथल्या इंधन डेपोत टाकी ओसंडून पेट्रोलच्या वाफेचा ढग पसरला. आणीबाणीचे बटण दाबले गेले आणि फायर पंप सुरू होण्याची ठिणगीच बहुधा त्या ढगाला लागली, असा तपासाचा निष्कर्ष होता. म्हणजे वाचवायला आलेल्यानेच काडी ओढली. म्हणूनच ज्वलनशील पदार्थ असलेल्या ठिकाणी पंपहाऊस कुठे बांधायचे, हा प्रश्न पंप कसा थांबवायचा याच्याही आधी येतो.

वाळूजच्या संदर्भात मात्र सगळ्यात कठीण मुद्दा घड्याळाचा आहे. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे इथल्या एका हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. अग्निशमन दलाला वर्दी मिळाली ती सव्वादोनच्या सुमारास. आत झोपलेल्या कामगारांपैकी सहा जण दगावले. छोट्या शेडमध्ये मोठ्या कारखान्यासारखे पंपहाऊस असतेच असे नाही आणि त्या दुर्घटनेचा पंपाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण आग अशाच वेळी लागते, जेव्हा देखभाल विभागाला कुलूप असते आणि गेटवर एक सुरक्षारक्षक असतो, बहुधा कंत्राटी, बहुधा महिन्या-दोन महिन्यांपूर्वीच आलेला. ‘हाताने बंद करा’ असे मानक लिहिते तेव्हा त्यात तो हात कुणाचा, हे गृहीत धरलेले असते. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रशिक्षित पंपचालक असतो. इथे तो हात या रक्षकाचा आहे. त्याला लाल बटण कुठे आहे एवढे सांगून भागत नाही. ते कधी दाबायचे नाही, हे आधी सांगावे लागते. साध्या मराठीतली आणि हिंदीतली एक पाटी पॅनेलवर हवी: कुणाच्या सांगण्यावरून बंद करायचे, त्यांचा फोन कोणता, आणि त्याआधी कुठे जाऊन बघायचे. इंग्रजी मॅन्युअलची फाइल कपाटात असून उपयोग नाही.

कायद्याने यावर लक्ष ठेवायची सोय केली आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 मध्ये झाला आणि 2008 च्या डिसेंबरपासून लागू झाला. त्याप्रमाणे मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र घेऊन सादर करायचे असते. प्रमाणपत्र त्या दिवशीचे खरे असते. उरलेल्या दिवसांसाठी आठवड्याची चाचणी आहे, आणि ती कशी केली जाते यावर सगळे अवलंबून आहे. हिरवे बटण दाबून पंप फिरवला, तर मोटर ठीक आहे एवढेच कळते. खरी चाचणी म्हणजे लाइनमधला दाब मुद्दाम उतरवून पंप आपोआप उठतो का ते बघणे. कारण आगीच्या वेळी बटण दाबायला कुणी नसणार. डिझेल पंप अर्धा तास चालवायचा, तो इंजिन नीट तापावे म्हणून. पाच मिनिटांत बंद केलेले इंजिन फक्त बॅटरी खाते. एप्रिलच्या 14 तारखेपासून अग्निशमन सप्ताह असतो, 1944 मधल्या मुंबई गोदीच्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात बऱ्याच कारखान्यांच्या पटांगणात पाण्याच्या कमानी उडतात आणि फोटो निघतात. त्याच दिवशी सिलेक्टरचाही फोटो काढून ठेवायला हरकत नाही.

अलीकडे नवी सोय आली आहे. पंप सुरू झाला, डिझेल कमी आहे, बॅटरी उतरली, सिलेक्टर ऑटोवर नाही, असे संदेश पॅनेल थेट मोबाइलवर पाठवते. हे फार उपयोगाचे आहे, विशेषतः तो शेवटचा संदेश. पण मोबाइलवरूनच पंप बंदही करता यावा, अशी मागणी आता ग्राहक करतात आणि विकणाऱ्याला नाही म्हणवत नाही. घरी, अंथरुणात पडून पंप बंद करणाऱ्याला धूर दिसत नाही, वास येत नाही. त्याला दिसतो तो दाबाचा आकडा, म्हणजे प्रेशर स्विचला दिसतो तेवढाच. मग यंत्राऐवजी माणूस ठेवून मिळवले काय? बंद करणाऱ्याने पंपहाऊसपर्यंत चालत जावे, आणि त्याआधी शेडमधून, ही मानकाची अपेक्षा जुनाट वाटली तरी तिला अर्थ आहे.

पंप बंद केल्यावरही काम संपत नाही, आणि हाच भाग सगळ्यात जास्त विसरला जातो. थकलेली, भिजलेली माणसे घरी जायच्या घाईत असतात. सिलेक्टर परत ऑटोवर आणायचा असतो, उघडलेले हायड्रंट एकेक करून बंद झालेत का बघायचे असते, जॉकीला लाइन पुन्हा भरू द्यायची असते, डिझेलची टाकी काठोकाठ करायची असते, दोन्ही बॅटऱ्यांचे चार्जर चालू आहेत का पाहायचे असते. आणि पाण्याची टाकी. रिकामी झालेली टाकी आठ तासांत पुन्हा भरता यावी, असे अमेरिकन मानक सांगते. दिवसाला 50 हजार लिटर पाणी मिळणाऱ्या कारखान्याने उत्पादन पूर्ण थांबवून सगळे पाणी टाकीत सोडले, तरी दोन लाख लिटरला चार दिवस लागतात. तेवढे दिवस उत्पादन बंद ठेवायचे की टँकर मागवायचे, आणि टँकर येईपर्यंत वेल्डिंग, गॅस कटिंगसारखी ठिणगीची कामे थांबवायची की नाही, हे ठरवायला सकाळी आठच्या पाळीला व्यवस्थापक, सुरक्षा अधिकारी आणि रात्रभर जागलेला इलेक्ट्रिशियन एकत्र बसलेले असतात.